खावटी नाही, वाटणी

माय, तुला शेवटची आंघोळ मी घातली.

तुझ्या माहेरकडच्या एका बाईने मला ओसरीतच अडवलं होतं. "तू कोन व्हय वं?" मी सांगायच्या आत दुसरी हळूच बोलली, "सुधीरची सोडलेली बायको." बाहेर माणसं बांबू बांधत होती, आत तू चादरीखाली निजलेली. भांडायची ती वेळ नव्हती. तरी मी म्हणाले, "मी सोडलेली नाई. माह्यी वाटनी घेऊन निंगालेली हाय." आणि पाण्याचा गुंड उचलून तुझ्याजवळ आले. सविताने आतून गरम पाणी आणून दिलं. सुधीरची आताची बायको आणि सुधीरची आधीची बायको, आम्ही दोघींनी मिळून तुझे पाय धुतले. टाचांच्या भेगांमधलं काळं निघालं नाही. मी जास्त घासलं नाही. उलथण्याने जेवणावळीचे गंज, ती मोठाली पातेली, खरवडणाऱ्या बाईचे पाय तसेच असतात.

परवा तुझं पुण्यानुमोदन, म्हणजे मागचं कार्य, झालं. तिथे मी जे बोलले त्यावरून गावात अजून कुजबुज चालू आहे. ते सांगतेच तुला, पण आधी बाकीचं बोलून घेते. तू गेल्यापासून माझं तुझ्याशी भांडण चालू आहे आणि उत्तर द्यायला तू नाहीस. बोलून भागत नाही म्हणून लिहायला बसले.

इंझोरीहून मी लग्न होऊन जऊळक्याला आले तेव्हा सुधीर दुसऱ्याच्या मंडपावर खड्डे खोदायला आणि बल्ल्या उभ्या करायला जायचा. हंगाम संपला की रिकामा. आपणच भांडी घेऊन भाड्याने द्यावी, ही कल्पना माझी. सुधीर हसला होता, भांड्यांत काय ठेवलं आहे म्हणून. मी माझ्या आईने दिलेली सोन्याची पोत मोडली आणि वाशिमच्या बाजारातून दोन गंज, एक कढई, पराती, झारे असं घेऊन आले. तू माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलंस. "गंज कोनाच्या पैशाचा हाय ते म्या पाह्यलं," एवढंच म्हणालीस. कौतुक नाही, ओरडणं नाही. मला तेव्हा वाटलं, सासू आहे, काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

मग त्या गंजांनी आपल्याला एकत्र बांधलं. लग्न आटोपलं की भांडी परत यायची ती तळाला भात जळलेली, अंगाला तेलाचा थर चढलेली. मागच्या अंगणात तू आणि मी. राख, चिंच आणि नारळाचा काथ्या. मोठा गंज आडवा केला की तू कमरेपर्यंत आत शिरायचीस आणि मी बाहेरून काजळी काढायचे. आतून तुझा आवाज घुमायचा. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला किती मारलं होतं, ते तू मला गंजाच्या आतून सांगितलंस. बाहेर येऊन, डोळ्यात डोळे घालून, तू ते कधी सांगितलं नसतंस. मी बाहेरून घासत राहिले आणि ऐकत राहिले. तेव्हा मी तुला आत्याबाई म्हणायचे, अहो-जाहो करायचे.

धंदा वाढला. मंडपाच्या झालरी मी शिवल्या. कोणत्या तारखेला कोणाकडे किती खुर्च्या, कोण सतरंज्या फाडून परत देतो, कोणाच्या घरी आचारी झारे पळवतो, सगळं मी सांभाळत होते. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्लॉट घेतला, त्यावर टिनाचं गोदाम उभं केलं, नंतर टेम्पो आला. गोदामावर पाटी लागली, सुधीर बिछायत केंद्र. पाटी लागली त्या दिवशी मी स्वतः तिला नवरीसारखं सजवलं, झेंडूची माळ घातली. नवऱ्याच्या नावावर म्हणजे आपल्याच नावावर, असंच मी समजत होते. पाटीखाली उभं राहून फोटोही काढला. तू फोटोत आली नाहीस. हात ओले आहेत म्हणालीस.

मग सुधीरचं मन दुसरीकडे गेलं.

मी इथे त्याची निंदा करणार नाही. त्याने दारू पिऊन तमाशा केला नाही, अंगावर हात टाकला नाही. टाकला असता तर लोकांना माझं दुखणं लवकर समजलं असतं. एक दिवस दुपारी जेवता जेवता तो सरळ म्हणाला, "मले सवितासंगं राह्याचं हाय. तुले फसवून ठेवनं मले जमत नाई." मी रडले, ताट भिंतीवर फेकलं, माहेरी जाऊन आले, परत आले. शेवटी समजलं की ज्याला थांबायचं नाही त्याला दाराला बांधून काही उपयोग नाही. फारकतीला मी तयार झाले. दोघांच्या संमतीने होणार होती.

वाशिमचे वकील भले माणूस होते. त्यांनी मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, गोदाम त्यांच्या नावावर, टेम्पो त्यांच्या नावावर, धंदा त्यांच्या नावावर. तुम्हाला खावटी मागता येईल, नाहीतर एकरकमी काहीतरी ठरवून घ्या." मी विचारलं, "आन् मी कमावलं ते?" ते म्हणाले, "ते कागदावर कुठं दिसते?" त्यांनी मला टाळलं नव्हतं, जे होतं ते सांगितलं होतं. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली मी बराच वेळ बसून राहिले. इतकी वर्षं ज्या धंद्याची भांडी घासली त्या धंद्यात मी कुठेच नव्हते.

सुधीरला तर आपण फार उदार आहोत असंच वाटत होतं. "तुले उपाशी नाई ठेवनार मी. महिन्याचं महिन्याले देत जाईन," असं तो सगळ्यांना सांगत होता, आणि लोक मान डोलवत होते. चांगला माणूस आहे, सोडून देतो आहे तरी खायला घालतो आहे.

मग ती बैठक. आपल्या ओसरीत. सुधीर, त्याचे मोठे भाऊ म्हणजे माझे भासरे, इंझोरीहून आलेला माझा भाऊ आणि समाजातली दोन मोठी माणसं. मामाजी, माझे सासरे, तेव्हा आत अंथरुणाला खिळलेले होते. तू भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत होतीस. भासऱ्यांनी विषय काढला. "मंदा, भलं सांगतो. लेकरू-बाळ हाय नाई तुले. आर्धं घेऊन कोनाले देशीन? खावटी घे, सुखानं राहा." माझ्या भावानेही तेच म्हटलं. "घे आन् घरी चाल." मी म्हणाले, मला खावटी नको, जे दोघांनी उभं केलं त्यातलं अर्धं पाहिजे. भासरे हसले. मोठ्याने नाही, पण हसले.

तेव्हा तू सूप बाजूला ठेवलंस.

"मले एक सांग," तू भासऱ्यांना म्हणालीस. "वावर बटईनं देलं त बटईवाला आर्धं पीक नेते का नाई?"

"नेते."

"वावर त्याच्या नावानं असते?"

"नसते."

"मंग काहून नेते?"

उत्तरही तूच दिलंस, "राबते म्हनून नेते. दुसऱ्याच्या वावरात राबनाऱ्याले आर्धं, आन् आपल्या घरात राबली तिले खावटी. हे कोन्त्या गावचं मोजमाप हाय?"

सुधीर चिडला. "माय, तू माह्यी माय हायस का हिची?"

"तुह्यी हाय. म्हनून तुह्या पोटात दुसऱ्याचं जाऊ देत नाई मी."

"नवरा-बायकोत वाटनी नसते, माय," भासरे समजावणीच्या सुरात म्हणाले. "वाटनी भावाभावात असते. आन् लेकरू बी नाई हिले."

"लेकरू नाई, पन हात हायेत. त्या हातानं केलं ते तिचं."

माय, माझ्या सख्ख्या भावाने जे म्हटलं नाही ते तू म्हटलंस. आणि तरीही बैठक तशीच उठली. सुधीर म्हणाला, ज्याला जे करायचं ते करा, माल माझ्या नावावर आहे. दोन मोठी माणसं चहा पिऊन गेली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो गोदामापाशी उभा राहिला तेव्हा दाराशी बाज टाकून तू बसली होतीस. किल्ली तुझ्या कमरेला. लग्नसराई तोंडावर आलेली. मजूर म्हणाले, "माय, सरक, माल भराचा हाय." तू म्हणालीस, "वाटनी झाल्याबिगर एक चमचा बाह्यर जानार नाई." सुधीर आला, ओरडला, मग विनवण्या केल्या. पोटच्या पोराने आईला बाजेवरून ओढायचं कसं? रस्त्यावरून स्टेशनकडे जाणारी माणसं थांबून पाहू लागली. दुपारी ऊन चढलं. मी तुला भाकर घेऊन आले तर माझ्यावरच खेकसलीस. "तू येऊ नको इथं. लोक म्हनतीन सुनेनं बसवली. मी माह्या मनानं बसली हाय."

किती दिवस बसलीस ते मी मोजलं नाही. मला एवढंच आठवतं की तू डोक्यावर ओला फडका घेऊन बसायचीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बटईवाल्याचा सवाल विचारायचीस. कोणी हसायचं, कोणी विचार करत निघून जायचं. एक म्हातारा शेतकरी तर तुझ्याजवळ बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, "बाई, तुह्यं खरं हाय, पन तू हे बोलाले नाई पायजे होतं. आमच्या घरी बी सुना हायेत."

मग किन्हीराजा गावचा एक माणूस आला. त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि भांडी, मंडप सगळं आपल्याकडे ठरलेलं. तो हात जोडून उभा राहिला. मला धसका बसला. आता तू उठशील, कोणाच्या लेकीचं लग्न मोडायला तू बसणार नाहीस, आणि तुझं सगळं पाण्यात जाईल. तू उठलीसच. कुलूप काढलंस. सुधीरचा चेहरा फुलला. पण तू त्या माणसाला म्हणालीस, "लेकीचं लगन हाय, खुशाल न्या. फक्त भाडं देतानी दोघाइले आर्धं आर्धं द्या. आर्धं मंदाच्या हातात. इथं, साऱ्याईसमोर."

तो माणूस गोंधळला, सुधीरकडे पाहू लागला. मग त्या माणसाने खरोखरच तसंच केलं. माझ्या हातावर पैसे ठेवले आणि म्हणाला, "ताई, आमच्या जेवनाचे गंज लख्ख ठेवजा." भर रस्त्यात, जऊळक्याच्या लोकांसमोर, माझ्या कामाचा मोबदला पहिल्यांदा माझ्या हातात पडला. मी घरी जाऊन रडले, हे तुला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर सुधीरचा जोर मोडला. तो वाईट माणूस नव्हता, हे मी पुन्हा सांगते. त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं, म्हणून त्याने विचार केला नव्हता. भासरे मात्र अडून होते, कोणाला काय द्यायचं ते आम्ही ठरवू म्हणाले. तू म्हणालीस, "तूच म्हनलं ना वाटनी भावाभावात असते? मंग भावाभावाच्या रीतीनंच होऊ दे. थोरला वाटे पाडते, धाकटा आंधी उचलते. सुधीर दोन वाटे पाडीन. मंदा आंधी उचलीन."

त्याने गोदामासमोर दोन ढीग लावले तेव्हा मी त्याच्याकडे पाहत होते. एखादा गंज इकडून तिकडे, परत इकडे. कोणता ढीग माझ्या हातात जाईल हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही सारखे करणं त्याला भाग होतं. मला वाटतं, आमच्या सगळ्या संसारात त्याने माझा इतका विचार त्याच दिवशी केला. पोत मोडून घेतलेले ते दोन जुने गंज त्याने वेगवेगळ्या ढिगांत ठेवले होते. मी डावा ढीग उचलला.

प्लॉट निम्मा झाला, गोदामाच्या मधून भिंत घातली, कोर्टातल्या समजोत्यात तसं लिहून घेतलं आणि रजिस्ट्री झाली. टेम्पो मी सोडला. राहत्या घरावर बोललेच नाही, ते तुमचं वडिलोपार्जित होतं. टेम्पो सोडला म्हणून तू माझ्यावर किती चिडलीस. "मी उनात बसली ते आर्ध्यासाठी. कमी घेऊन कायले आली?" मी म्हणाले, थकले आता. तू म्हणालीस, "थकली म्हनून सोडलं, त त्याले वाटीन दयेनं सोडलं." अजूनही मला वाटतं, तेव्हा तुझं बरोबर होतं. आणि अजूनही वाटतं, त्या दिवशी माझ्यात तेवढंच बळ होतं. दोन्ही खरं आहे.

फारकत झाली त्या संध्याकाळी तू माझ्या अर्ध्या गोदामात आलीस, जिथे मी चूल मांडली होती. मी विचारलं, "आता तुमाले काय म्हनू? आत्याबाई त म्हनता येत नाई." तू म्हणालीस, "माय म्हन. आन् तुमी-आमी सोड, गंजात शिरून बोलनाऱ्याइले ते शोभत नाई."

नंतरची वर्षं सोपी नव्हती. टेम्पो नाही म्हणून भाड्याची गाडी करायची, नफा तिच्यातच जायचा. काही लोक मुद्दाम भिंतीपलीकडे जायचे, फारकतीवाल्या बाईचा गंज शुभकार्याला नको म्हणून. पण आपल्या वस्तीतल्या बाया यायच्या. जयंतीचा मंडप माझ्याकडून जाऊ लागला. मी मजूर ठेवले, पाटी लावली, मंदा बिछायत केंद्र. या वेळी फोटो काढताना तुला ओढून आणलं, ओल्या हातांसकट.

तू राहायचीस सुधीरकडे. सविता आली तेव्हा तू तिच्याशी चांगली वागलीस आणि ते मला खुपलं. मी एकदा बोलून दाखवलं. तू म्हणालीस, "तिनं माह्यं काय खाल्लं? भांडे त ते बी घासून राह्यली." मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू पाचव्या दिवशी वांगी घेऊन आलीस आणि काही झालंच नाही अशी बसलीस.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येते.

मामाजी गेले आणि घर, जमीन वारसांच्या नावावर चढायची वेळ आली. तुझा हिस्सा होता. दोन्ही मुलांइतकाच. भासरे म्हणाले, माय, तुझं नाव कशाला गुंतवायचं, पुढे पुन्हा फेरफार करत बसावं लागेल. आणि तू हक्कसोड करून दिलीस. मला विचारलं नाहीस. प्रौढांच्या वर्गात जाऊन तू सही शिकली होतीस, पाटीवर किती वेळा सुभद्रा, सुभद्रा लिहायचीस. ती सही पहिल्यांदा सरकारी कागदावर केलीस, ती आपलं स्वतःचं सोडून द्यायला.

मी तुला काय काय बोलले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मले कुठं नेवाचं हाय वं?"

"मले तरी कुठं न्याचं व्हतं? माह्यासाठी उनात बसली, आन् सोताच्या वाट्याले सही करून आली?"

मग म्हणालीस, "दुसऱ्यासाठी भांडाले लाज नाई वाटत, मंदे. सोतासाठी वाटते."

त्याचं उत्तर आज सुचतं आहे. ही लाज आपल्याला कोणीतरी शिकवली आहे, माय, आणि ज्यांनी शिकवली त्यांचा त्यात फायदा आहे. आपल्या आया पोटभर जेवल्याचं सांगून उठायच्या, तसंच हे. मला तुझा त्याग नको होता. मला तुझ्या नावावर घर पाहिजे होतं.

कारण पुढे काय झालं ते बघ. तुझ्या छातीत दुखायला लागलं आणि तू ते लपवलंस. पित्त आहे, सोडा प्यायला की बरं वाटतं. मी तुला ओढत वाशिमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अकोल्याला जाऊन तपासणी करायला सांगितलं, उशीर करू नका म्हणाले. परत येताना तू मला शपथ घातलीस, सुधीरला सांगू नको, त्याने आताच नवीन प्लॉटमध्ये पैसा अडकवला आहे. मी शपथ मानली नाही, त्याला त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, आठ दिवसांत काहीतरी करतो. मी आठ दिवस थांबले नाही. दुसऱ्याच सकाळी भाड्याची गाडी तुझ्या दारात उभी केली. तू चढली नाहीस.

"तुह्या पैशानं गेली त लोक सुधीरले काय म्हनतीन? सोडलेल्या बायकोनं माय दवाखान्यात नेली."

"मंग तुह्या पैशानं चाल."

"माह्या जवळ कुठं हायेत?"

"घरात हायेत. वावरात हायेत. तुवा सही करून देले ते."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. जणू कोणी तुला पत्ता सांगत होतं आणि त्या वाटेने जायला आता उशीर झाला होता. मग म्हणालीस, "सुधीर नेईन. आठ दिवस त म्हनला." ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवलंस. सुधीर खरंच पैसे जमवत होता, खोटं बोलत नव्हता. पण तू आठ दिवस काढले नाहीस. सकाळी नळावर भांडं भरताना खाली बसलीस, ती उठली नाहीस.

मी स्वतःला दोष देत नाही. सुधीरलाही पूर्ण देत नाही. ज्या बाईच्या श्रमावर दोन पोरं, दोन सुना, एक धंदा उभा राहिला, तिला दवाखान्यात जायला कोणाच्या तरी सवडीची वाट पाहावी लागली, याला मी नशीब म्हणणार नाही, एवढंच.

आता परवाचं. वंदना झाली, भंतेजींचं प्रवचन झालं, मग माइकवर आठवणी सांगणं सुरू झालं. भासरे उभे राहिले, मनापासून बोलले, ढोंग नव्हतं त्यात. म्हणाले, "आमच्या मायनं आयुष्यात सोतासाठी काई मांगितलं नाई. अशी माय भेटाले नशीब लागते." सगळ्यांनी माना हलवल्या. बायांनी डोळे पुसले. माझ्या अंगात आग लागली.

मी उठले आणि माइक मागितला. कोणीतरी म्हणालं, तिला कशाला. सुधीर म्हणाला, "बोलू द्या."

मी म्हणाले, "भाऊजी खरं बोलले. मायनं सोतासाठी काई मांगितलं नाई. पन हे कौतुक करासारखं नाई. तिनं मांगितलं असतं, तिचं तिच्या हातात राह्यलं असतं, त ती अकोल्याले गेली असती आन् आज इथं बसली असती. माह्यासाठी ती गोदामाच्या दारात बसली, मले माह्यं आर्धं मिळवून देलं, हे साऱ्याईनं पाह्यलं. तिच्यासाठी कोन बसलं?"

भासरे खाली पाहत होते. मी माइक ठेवला आणि जागेवर येऊन बसले. एक शब्दही परत घ्यावासा वाटला नाही. आजही वाटत नाही. लोक म्हणतात, मेलेल्या माणसाच्या कार्यात हिशोब काढला. काढला. जिवंतपणी कोणी काढू देत नाही.

जेवणं झाल्यावर मी भांडी मोजून गाडीत चढवत होते. सविता आली. तिच्याशी माझं इतक्या वर्षांत दोन वाक्यांच्या वर बोलणं झालेलं नाही, हे तुला माहीत आहे. पदराला हात पुसत ती उभी राहिली. म्हणाली, "मायनं मले लग्न होऊन आली त्याच दिवशी सांगितलं व्हतं, धंद्यात तुह्यं बी नाव लाव म्हने. म्या हासली व्हती. म्हनलं, आमच्यात असं नाई होनार." मग थांबून म्हणाली, "नव्या प्लॉटची रजिस्ट्री हाय पुढच्या आठवड्यात. यांच्या एकल्याच्या नावानं. आता मायच्या दुखात हे काढनं बरं दिसते का, ताई?"

खरं सांगते माय, पहिल्यांदा मला वाटलं, भोग आता. तिच्यामुळे मी घर सोडलं. ती ज्या अंगणात भांडी घासते ते अंगण माझं होतं. मी तिच्या हातांकडे पाहिलं. कातडी सोललेली, नखांत काजळी. ती कोणाची मजूर होऊन थकली आहे हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सुधीर मंडपाच्या टोकाला उभा राहून आमच्याकडे पाहत होता.

मी आवाज न दाबता, त्यालाही ऐकू जाईल असं, तिला म्हणाले, "आजच काढ. आंधी नाव लाव, मंग भांडे घास."